अडकलेल्या पुंगळीचा माग

अर्धस्वयंचलित रायफल अडकली की दोष कुठे आहे ते लगेच दिसते, असे वाटते. रिकामी पुंगळी बोल्टच्या तोंडाशी आडवी अडकलेली असते, किंवा नळीच्या बुडाशी असलेल्या चेंबरमध्ये रुतून बसलेली असते. साहजिकच हात त्याच जागेकडे जातो. तिथला भाग बदलला जातो, तिथे तेल पडते, तिथे कानस फिरते. पुढच्या दहा गोळ्या नीट सुटतात आणि अकरावी पुन्हा अडकते. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही आपली म्हण बंदुकीच्या कारागिरांसाठी रचलेली नाही. पण त्यांच्या कामाला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या कामाला पडत असेल.

कारण ही रायफल म्हणजे एक साखळी आहे. एका गोळीची शक्ती पुढच्या गोळीची तयारी करते. त्यामुळे साखळीच्या एका कडीतला दोष दोन-तीन कड्या पुढे जाऊन प्रकट होतो. अडथळा दिसतो ती जागा आणि तो जिथे जन्मला ती जागा यांतले अंतर कधी काही इंचांचे असते. कधी कारखान्यातल्या एका यंत्रापर्यंतचे, तर कधी मंत्रालयातल्या एका फाइलीपर्यंतचे. या तिन्ही अंतरांची उदाहरणे अमेरिकेच्या दोन रायफलींच्या इतिहासात सापडतात. पहिली एम-१ गॅरंड, दुसरी एम-१६.

एका गोळीचा हिशेब

जॉन कँटियस गॅरंड यांचा जन्म १८८८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला. १९१९ पासून ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्रकारखान्यात काम करू लागले. त्यांची रायफल अमेरिकी सैन्याने जानेवारी १९३६ मध्ये स्वीकारली. त्या काळी जगातल्या इतर फौजांचे पायदळ प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करत होते. गॅरंडच्या रायफलीत सैनिकाने फक्त चाप ओढायचा. बाकीचे काम यंत्र करते. आठ काडतुसे पत्र्याच्या एका क्लिपमध्ये बसवलेली असतात आणि क्लिपसकट ती वरून आत ढकलली जातात. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टणकन उडून बाहेर पडते आणि बोल्ट मागेच थांबतो.

हे घडते कसे? काडतुसातली दारू पेटली की नळीत दर चौरस इंचाला सुमारे ५०,००० पौंड एवढा दाब तयार होतो. गोळी नळीच्या तोंडाजवळ पोचते तेव्हा तिथल्या एका बारीक छिद्रातून थोडा गॅस खालच्या सिलिंडरमध्ये उतरतो. तिथे एका लांब दांड्याचे टोक दट्ट्याचे काम करते. या दांड्याला ऑपरेटिंग रॉड म्हणतात. गॅसचा धक्का बसताच तो मागे सरकू लागतो, पण लगेच बोल्ट उघडत नाही. आधी तो थोडे अंतर मोकळाच धावतो. ही उसंत मुद्दाम ठेवलेली आहे. पितळी पुंगळी दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असते. दाब ओसरला की पितळ थोडे आकसते आणि पुंगळी सैल होते. बोल्टने तेवढा वेळ थांबायलाच हवे.

मग दांड्यातला तिरकस खाचा बोल्टला फिरवून त्याचे कुलूप सोडवतो. बोल्ट मागे निघतो. त्याच्या तोंडावरचा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कड पकडून तिला ओढून काढतो. समोरच्या बाजूने एक स्प्रिंगची खुंटी, म्हणजे इजेक्टर, पुंगळीच्या बुडाला रेटत असते. पुंगळीचे तोंड मोकळे होताच ती उजवीकडे उडते. बोल्ट मागच्या टोकाला जाईपर्यंत हातोडा उभा राहतो आणि स्प्रिंग पूर्ण दाबली जाते. तीच स्प्रिंग आता सगळे पुढे ढकलते. वर सरकलेले नवे काडतूस बोल्ट चेंबरमध्ये लोटतो, फिरतो आणि कुलूप लागते. वाचायला लागला त्याच्या किती तरी कमी वेळात, सेकंदाच्या छोट्याशा अंशात, हे सारे उरकते.

जुन्या रायफलीची नाडी

गॅरंड रायफली ५० लाखांहून अधिक तयार झाल्या. दुसऱ्या महायुद्धात स्प्रिंगफील्ड आणि विंचेस्टर यांनी त्या बनवल्या. १९५० च्या दशकात आणखी दोन कारखाने त्यात आले. पुढे त्या ग्रीस, डेन्मार्क, कोरिया अशा मित्रदेशांना दिल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेक काही दशकांनी परत आल्या. अमेरिकेत आजही नागरी नेमबाजी कार्यक्रमामार्फत त्या हौशी नेमबाजांना विकल्या जातात. अशी रायफल हाती येते तेव्हा तिचे वय ७०-८० वर्षांचे असते. शस्त्रागारांत ती दोन-तीनदा तरी खोलून पुन्हा जुळवलेली असते, त्यामुळे रिसीव्हर एका कारखान्याचा, बोल्ट दुसऱ्याचा आणि दांडा तिसऱ्याच रायफलीचा असणे नवलाचे नाही. प्रत्येक भाग एकटा पाहिला तर ठीक असतो. एकत्र आल्यावर त्यांचे जमेलच असे नाही.

जाणता कारागीर रायफल रिकामी असल्याची खात्री करून घेतो आणि मग आधी अडथळ्याची जात ठरवतो. पुंगळी चेंबरमध्येच राहिली, तर ओढण्याचा दोष. बाहेर आली पण उडाली नाही, तर फेकण्याचा. उडाली पण नवे काडतूस आले नाही, तर भरण्याचा. काडतूस आले पण बोल्ट पुरता मिटला नाही, तर बंद होण्याचा. एवढी वर्गवारी नीट झाली की निम्मे काम होते. उरलेले निम्मे अवघड असते, कारण एकच लक्षण दोन उलट्या कारणांनी उमटू शकते.

भरण्याचा दोष घेऊ. बोल्ट रिकाम्या चेंबरवर मिटला आणि क्लिपमध्ये काडतुसे तशीच राहिली. सरळ अर्थ असा की गॅस कमी पडला, बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही आणि पुढच्या काडतुसाच्या मागे न पोचताच परतला. पण बोल्ट फार वेगाने मागे-पुढे झाला तरी हेच दिसते: काडतूस वर सरकायच्या आत बोल्ट त्याच्यावरून निघून जातो. पहिल्या रोगाला गॅस वाढवावा लागेल, दुसऱ्याला कमी करावा लागेल. चुकीचे निदान झाले तर औषधच रोग वाढवील.

भेद कळतो तो जमिनीवर पडलेल्या पुंगळ्यांवरून. अनुभवी नेमबाज स्वतःला घड्याळाच्या मध्यभागी आणि निशाण बाराच्या आकड्यावर कल्पून पुंगळ्या कुठे पडल्या ते पाहतात. प्रकृती ठीक असलेली गॅरंड साधारणपणे एक ते दोनच्या दिशेला जोमाने पुंगळी फेकते. त्या पायाशीच ढेपाळून पडू लागल्या तर शक्ती अपुरी आहे. लांब भिरकावल्या जात असतील आणि त्यांच्या कडा आकड्याने ओरबाडलेल्या असतील तर शक्ती जास्त आहे. एका पुंगळीवरून निदान होत नाही, दहा-वीस पाहाव्या लागतात. वैद्य नाडी पाहतो त्यातलाच हा प्रकार.

शक्ती कमी पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. सिलिंडरच्या टोकाचा स्क्रू सैल होऊन गॅस निसटतो. वर्षानुवर्षांच्या वापराने दट्ट्या झिजतो. त्याचा व्यास ०.५२५ इंचाखाली गेला की गॅस बाजूने गळू लागतो. एवढी झीज डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोमीटरलाच दिसते. कधी दांडा लाकडी दस्त्याला घासत असतो. ते तपासण्याची रीत सोपी आहे: स्प्रिंग काढून दांडा आणि बोल्ट पुन्हा जोडायचे आणि रायफल वर-खाली कलती करायची. दोन्ही भाग स्वतःच्या वजनाने विनासायास सरकले पाहिजेत. जिथे अडतील तिथे घर्षण आहे.

स्प्रिंगची गोष्ट आणखी बोलकी आहे. गॅरंडमध्ये बोल्टला पुढे आणणारी आणि काडतुसांना वर ढकलणारी स्प्रिंग एकच आहे. ती थकली की बोल्ट मिटण्यात ढिलाई येते आणि काडतुसेही उशिरा वर येतात. दोन वेगळे दोष वाटतात, पण मूळ एकच असते. म्हणून नव्याने घेतलेल्या जुन्या रायफलीत कारागीर बहुधा आधी ही स्प्रिंग काढून मापतो. १९ इंचांहून आखूड भरली तर बदलतो. सगळ्यात स्वस्त भाग आधी बदलावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याआधी काडतुसे बदलून पाहावीत, हे या धंद्यातले शहाणपण आहे. गॅरंड १५० ग्रेनच्या आसपासची गोळी आणि विशिष्ट वेगाने जळणारी दारू डोळ्यांपुढे ठेवून जुळवलेली आहे. सावकाश जळणारी दारू आणि जड गोळी वापरली तर छिद्रापाशी दाब जास्त उरतो आणि लांब दांडा हळूहळू वाकतो. मग रायफल अडते ती वेगळ्याच जागी.

ओढण्याच्या दोषात आकड्याला दोष देण्याआधी चेंबर पाहावे लागते. महायुद्धकाळातल्या या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असे. जळल्यावर त्याचे क्षार नळीत उरत आणि हवेतला ओलावा शोषून लोखंड खात. तेलाने ते जात नाहीत, पाणीच लागते. ज्या सैनिकाने कधीकाळी रायफल नीट धुतली नाही त्याच्या आळसाच्या खुणा आजही काही चेंबरांत बारीक खड्ड्यांच्या रूपाने आहेत. फुगलेली पितळी पुंगळी त्या खड्ड्यांत रुतते आणि निर्दोष आकडा बदलला जातो.

सातवे काडतूस

गॅरंड कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागली तेव्हा एक विचित्र तक्रार पुढे आली. सहा गोळ्या व्यवस्थित सुटत आणि सातवे काडतूस अडे. प्रत्येक रायफलीत नाही, प्रत्येक वेळी नाही. पण अडले तर बहुधा सातवेच. १९३९ आणि १९४० साली ही कुजबुज नेमबाजांच्या वर्तुळातून वृत्तपत्रांत आणि अमेरिकी संसदेत पोचली. युरोपात युद्ध पेटले होते. मरीन कोअरचे राखीव अधिकारी मेल्व्हिन जॉन्सन यांची स्वतःची प्रतिस्पर्धी रायफल तयार होती. गॅरंडची कल्पनाच सदोष आहे, असे म्हणणाऱ्यांना चांगला मुहूर्त मिळाला होता.

पण नियमाने येणारा दोष हा कारागिरासाठी उपकारच असतो. सातव्याच वेळी काय वेगळे असते? क्लिपमध्ये दोनच काडतुसे उरलेली असतात. गर्दी असताना ती एकमेकांना आधार देतात. दोनच उरली की वरच्याला तिरके होण्याइतकी मोकळीक मिळते. त्या क्षणी त्याला सरळ ठेवण्याचे काम रिसीव्हरच्या आतला मार्गदर्शक कंगोरा करतो. आर्मरीच्या प्रायोगिक कार्यशाळेत जुळवलेल्या मूळ नमुन्यांत तो कंगोरा शाबूत होता, म्हणून त्या रायफली अडत नव्हत्या. मोठ्या उत्पादनासाठी नवी हत्यारे बसवली गेली तेव्हा एका कापात या कंगोऱ्याचा लहानसा तुकडा उडू लागला. ते कुणाच्या लक्षात आले नाही, कारण रायफल दिसायला तशीच होती आणि पहिल्या सहा गोळ्यांना त्याने काही फरक पडत नव्हता.

उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा होता. तयार रिसीव्हरांत गेलेल्या धातूच्या जागी वेल्डिंगने भर घालण्यात आली आणि पुढच्यांसाठी कापकाम दुरुस्त झाले. आराखडा निर्दोष होता. आराखडा आणि वस्तू यांच्यामध्ये बसलेल्या एका हत्याराची ती चूक होती. त्याच सुमारास गॅसची व्यवस्थाही बदलली. आधी नळीच्या तोंडावर बसवलेल्या टोपणात गॅस पकडला जाई. १९४० पासून नळीलाच छिद्र पाडण्यात येऊ लागले. मुसळधार पावसात तेल धुऊन जाऊन बोल्ट जाम होतो, हेही अनुभवाने कळले. तेव्हा तेलाऐवजी पाण्याला दाद न देणारे ग्रीस आले. महायुद्धात गॅरंडने जे नाव कमावले ते या तीन दुरुस्त्यांनंतरचे आहे. गॅरंड यांनी आपले पेटंट सरकारला देऊन टाकले होते. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक संसदेत आले, पण ते संमत झाले नाही.

बदललेली दारू

सातव्या काडतुसाच्या प्रकरणात वेळ होता. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती. पंचवीस वर्षांनी व्हिएतनाममध्ये तो नव्हता.

यूजीन स्टोनर यांनी आखलेली एम-१६ ही गॅरंडपेक्षा हलकी आणि लहान काडतुसाची रायफल. तिच्यात दट्ट्याचा लांब दांडा नाही; गॅस एका बारीक नळीवाटे थेट बोल्टच्या वाहकात जातो. ही रचना ज्या दारूवर तपासली गेली ती ड्युपाँ कंपनीची आयएमआर जातीची होती. सैन्याने काडतुसासाठी कागदावर गोळीचा एक किमान वेग आणि दाबाची एक कमाल मर्यादा ठरवली. या दोन्ही अटी त्या दारूला एकाच वेळी पाळणे जड जाऊ लागले. तेव्हा १९६४ मध्ये गोल दाण्यांच्या, डब्ल्यूसी ८४६ नावाच्या दुसऱ्या दारूला मान्यता मिळाली. वेग आणि दाब यांच्या अटी पूर्ण झाल्या. रायफलीला विचारले गेले नाही.

नव्या दारूने गॅसच्या छिद्रापाशी दाब वाढला. मिनिटाला साधारण ७५० ते ८०० गोळ्यांचा वेग हजाराच्या आसपास गेला. गॅरंडच्या संदर्भात आपण पाहिलेली ती उसंत आठवावी: पुंगळी आकसण्याआधीच बोल्ट उघडू लागला. आकडा तिची कड ओढे, पण पुंगळी चेंबरला धरून राही. मग आकडा घसरे किंवा कडच तुटे. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि व्हिएतनामच्या दमट हवेत ते गंजून खडबडीत होई. दारूत मिसळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा साका गॅसच्या नळीत जमे. आणि ही रायफल साफ करावी लागत नाही, असा समज पसरलेला असल्याने अनेक तुकड्यांकडे साफसफाईचे साहित्यच पुरेसे नव्हते. रुतलेली पुंगळी काढायला पुढून, नळीच्या तोंडातून गज घालावा लागतो. ज्याच्याकडे गज नाही त्याच्या हातात शत्रूसमोर लोखंडाचा एक तुकडा उरतो. १९६७ च्या वसंतातल्या लढायांनंतर मरीन सैनिकांच्या घरी गेलेल्या पत्रांत हेच लिहिलेले होते.

याच काळात सैन्याने या रायफलीत एक सुधारणा आग्रहाने करून घेतली होती: बोल्ट पुरता मिटला नाही तर तो अंगठ्याने पुढे ढकलण्यासाठी उजव्या बाजूला एक दांडी. पण रणांगणावरचा मुख्य दोष बोल्ट न मिटण्याचा नव्हता, पुंगळी न निघण्याचा होता. पुंगळी रुतलेली असताना बोल्ट पुढे ढकलून काय साधणार? आपली पखालीची म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

मे १९६७ मध्ये मिसुरीचे प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली संसदेच्या उपसमितीने चौकशी सुरू केली आणि ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट फार अस्वस्थ करणारी आहे. नव्या दारूने रायफली वेगाच्या ठरलेल्या मर्यादेत बसेनात, तेव्हा कारखान्यातल्या स्वीकृती चाचण्या जुन्या दारूच्या काडतुसांनी करण्याची मुभा देण्यात आली होती. म्हणजे रायफल उत्तीर्ण होई एका दारूवर आणि सैनिकाला मिळे दुसरी. दोष ठाऊक होता, पण तो चाचणीतून वगळला गेला, रायफलीतून नाही. जबाबदार अधिकाऱ्यांचे वर्तन गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या सीमेवर पोचते, असा ठपका समितीने ठेवला.

दुरुस्त्या झाल्या. वेग आवरणारा जड बफर आला, चेंबरला क्रोम लागले, दारूतल्या कार्बोनेटचे प्रमाण घटले, गज आणि कुंचले वाटले गेले. चित्रकथाकार विल आयस्नर यांनी सचित्र पुस्तिका काढून सैनिकांना साफसफाई शिकवली. एम-१६ चे वंशज आजही वापरात आहेत. मूळ आराखडा याही वेळी मुळात वाईट नव्हता.

आपल्या जवळचे

अशी रायफल आपल्याकडे सामान्य नागरिकाच्या हाती सहसा येत नाही. पण महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांत कुणी ना कुणी फौजेत होते. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय जवानाच्या हाती .३०३ च्या जागी एसएलआर आली. मूळ बेल्जियन रचनेवर आधारलेल्या या रायफलीने आतापर्यंत सांगितलेला प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. तिच्या सिलिंडरवर आकडे कोरलेली एक कडी असते. ती फिरवली की जास्तीचा गॅस बाहेर सोडणारे छिद्र लहान-मोठे होते. आधी छिद्र उघडे ठेवून शक्ती कमी करायची, मग पुंगळी नीट फेकली जाईपर्यंत एकेक खाच मिटवत जायचे आणि धूळ-मातीची तजवीज म्हणून आणखी एक-दोन खाचा. दारू बदलणार, हवा बदलणार, साफसफाई चुकणार, हे रचनाकाराने गृहीतच धरले होते आणि निदानाचा थोडा अधिकार जवानाच्या बोटांत ठेवला होता. पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या संशोधन संस्थेत आखलेल्या इन्सासमध्येही गॅसची अशी सोय आली. त्या रायफलीबद्दल १९९९ च्या कारगिल युद्धात तक्रारी झाल्या, त्या थंडीत तडकणाऱ्या मॅगझिनच्या. यंत्र एका हवेत तपासले आणि दुसऱ्या हवेत नेले की प्रश्न पुन्हा उभा राहतो.

खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांच्या बुडावर के. एफ. ही अक्षरे असतात, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या काडतुसांवर ओ. एफ. व्ही. रायफल अडली की जाणता हवालदार आधी ती अक्षरे आणि त्यांच्या शेजारचे साल पाहतो. रायफल नंतर उघडतो. तो शोध घेत असतो तो साखळीच्या पहिल्या कडीचा.

गॅरंडच्या प्रकरणात ज्यांनी तक्रार केली त्यांच्याकडे आधी संशयाने पाहिले गेले, पण तक्रारीचा आकडा, सात, कुणीतरी गांभीर्याने घेतला. व्हिएतनाममध्ये तक्रार करणाऱ्याला रायफल साफ कर, असे सांगण्यात आले. ते खोटे नव्हते, अपुरे होते. यंत्राची दुरुस्ती करणाऱ्याला धातू, दारू आणि स्प्रिंग यांची जाण लागतेच. पण त्याहून आधी, ज्याच्या हातात ते अडले त्याचे म्हणणे जसेच्या तसे ऐकून घ्यावे लागते: कितव्या गोळीला, कोणत्या काडतुसाने, कोणत्या हवेत आणि पुंगळी कुठे पडली.